ताशी वीस पॉइंट चार

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

तू शिवून पाठवलेली सायकलची पिशवी मिळाली. बाटली, गोळ्या, चष्मा, सगळं बसतं. शिलाई नेहमीसारखी वाकडी नाही, हे विशेष.

हृदयाच्या दुखण्यानंतर सायकल पुन्हा हातात घेतली, त्याला आज आठ रविवार झाले. पाण्याच्या टाकीपर्यंत एकटाच जाऊन आलो. सरासरी ताशी वीस पॉइंट चार! दुखण्याआधी एकवीस होती. आमच्या सायकल मंडळातले तरुण गडीही तेवीस-चोवीसच्या वर जात नाहीत, आणि त्यातले निम्मे उतारावरचा आकडा सांगून मिशीला पीळ देतात. तुझी वहिनी दारातच उभी असते. आधी सायकलवरचा मीटर बघते, मगच चहा टाकते.

पुढच्या महिन्यात मंडळाची शंभर किलोमीटरची फेरी आहे. दोन तुकड्या आहेत, एक विसाच्या वरच्यांची आणि एक निवांत. वरची तुकडी मागे पडलेल्यासाठी थांबत नाही. वीस तारखेपर्यंत नाव द्यायचं आहे. तुझं मत विचारत नाही, नुसतं कळवतो आहे.

इकडे सर्व ठीक. लोभ आहेच, पत्र मात्र वेळेवर पाठवत जा.

तुझा दादा

ता. ८ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न.

पत्र वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. दादा, वरच्या तुकडीत नाव देऊ नकोस. कारण सांगते, पण बसून वाच.

तुझी सरासरी वीस नाही, सतरा आहे. तू दवाखान्यात होतास तेव्हा मीटरची बॅटरी मीच बदलली. बदलल्यावर चाकाचा घेर त्यात नव्याने भरावा लागतो. टेप माझ्या गळ्यातच असते. घेर निघाला दोनशे दहा सेंटिमीटर. मी भरला दोनशे पन्नास. तेव्हापासून मीटर दर फेऱ्याला चाळीस सेंटिमीटर फुकटचे वाढवतो.

युक्ती वहिनीची, हात माझा. बोलताना धाप लागणार नाही इतकंच जोरात चालवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तू खाटेवर पडल्या पडल्या विसाच्या गोष्टी करत होतास. आकडा कमी दिसला तर हा माणूस छाती फुटेस्तोवर पायडल मारणार, हे आम्हाला ठाऊक होतं. आता हाच उद्योग अंगाशी आला. त्या तुकडीमागे धावताना तुला काही झालं तर मी स्वतःला कधीच माफ करणार नाही.

जन्मभर वजनमाप निरीक्षक म्हणून दुकानदारांचे खोटे काटे पकडलेस, आणि चोर घरातच निघाले. मला हवं ते बोल. वहिनीला बोलू नकोस, ती फार घाबरली आहे रे.

रागावलास तरी लोभ असू दे.

तुझी धाकटी

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

बसूनच वाचलं.

अगं, एकतीस वर्षं काटे तपासले आहेत मी. पहिल्याच रविवारी टाकीपर्यंतचं जाणं-येणं मीटरने जवळजवळ चोवीस किलोमीटर दाखवलं. रस्त्याकडेचे दगड वीस सांगतात. आजारी मी पडलो होतो, दगड नाही. घरी येऊन चाकावर खडूने खूण केली, व्हरांड्यात एक फेरा फिरवला आणि टेप लावली. दोनशे दहा. खोटं कशाला बोलू, सतरा हा आकडा पचवायला दोन रविवार जड गेले.

खोटा काटा सापडला की जप्त करायचा, हा नियम. मीटर काढायला हात घातलाही होता. तेवढ्यात तुझी वहिनी आली, आकडा बघितला, आणि मी दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसली. मी हात मागे घेतला.

नाव निवांत तुकडीतच दिलं आहे, पहिल्याच दिवशी. तेव्हा टेप घेऊन घरात वावरणारी तूच होतीस, म्हणून वरच्या तुकडीचं लिहिलं ते तुझ्या पोटातलं बाहेर काढायला. चोर कबूल झाल्याशिवाय निरीक्षकाला चैन पडत नाही.

आजवर हाती लागलेला प्रत्येक काटा समोरच्याला कमी देण्यासाठी बिघडवलेला होता. मला जास्त मिळावं म्हणून कोणी बिघडवलेला हा पहिलाच. मला कळलं आहे, हे वहिनीला सांगू नकोस.

तू सुट्टीत येशील तोवर बॅटरी संपत आलेली असेल. तूच बदल. घेर दोनशे पन्नासच भर.

तुझा दादा