आखाजीला जन्मलेली

माय, आज आखाजी, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. म्हणजे माझा वाढदिवस, तुझ्या लेखी तरी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून टाकला. परदेशातला तुझा नातू त्याच तारखेला फोन करतो आणि मोबाइलात बघून सांगतो, "आई, आज कितीतरी देशांत बालदिन आहे, शिवाय पालकांचाही दिवस आहे. तुझी तर मज्जाच!" मी हसते. ज्या दिवशी मी जन्मलेच नाही, त्या दिवशी लोक काय वाटेल ते साजरं करोत.

माझा दिवस हा. तू चुलीपुढे बसलेली, उपड्या खापरावर हातभर पुरणपोळी टाकते आहेस, घामानं कुंकू ओघळलेलं. मी शाळेतून रडत आलेली, कारण सगळं गाव माझ्यासाठी सण करतं असं मी म्हटल्यावर पोरी फिदीफिदी हसल्या होत्या. तू डाफरतेस, "रडू नको, बावयट! आखाजीले कोनतीच पोर सासरले ऱ्हात नही. बठ्ठ्या येतस. तुनाकरताच येतस." मला ते खरं वाटलं. निंबाला झोके, गाणी म्हणणाऱ्या माहेरवाशिणी, सगळ्या माझ्या पाहुण्या! अजूनही थोडं खरं वाटतं गं, म्हणून तर घात झाला.

माझी लेक आली नाही, माय. धुळ्याला दिली तिला दोन वर्षांपूर्वी. फोन केला की तिच्यामागे कुणीतरी उभं असतं, ते मला इथे जळगावात कळतं. होळीला भेटली तेव्हा मनगटाला पट्टी होती, ती जरा सरकली. म्हणे पाय घसरला. पाय घसरला तर मनगटावर बोटांचे वळ उठतात होय? हे म्हणाले, घाई नको, आखाजीला पाठवतीलच, खान्देशात आखाजीला कुणी नाही म्हणत नाही. मीही तेवढ्याच आशेवर दिवस काढले.

तिचा भाऊ नाही जवळ, म्हणून काल मीच मुऱ्हाळी होऊन तिला आणायला गेले. सांजोऱ्यांचा डबा घेऊन. विहीणबाई गोडच बोलल्या. "आता कोण पाळतं हो आखाजी? तुमचा वाढदिवस जूनमध्ये ना? तेव्हा पाठवू की!" माय, माझाच खोटा वाढदिवस माझ्या तोंडावर मारला. खरा आखाजीचाच हे सांगायचं सोडून मी सांजोऱ्यांचा डबा पुढे केला. मी आतल्या दाराशी गेले, तर लेक आडूनच म्हणाली, "मी बरी आहे गं." वर बघितलं नाही. माझ्या पदराचं टोक मात्र तिनं मुठीत घट्ट धरलं होतं, सासूनं हाक मारली तेव्हा सोडलं.

सकाळी तुझ्या नावानं घागर भरली. पाणी ओतताना ओठांवर लेकीचं नाव आलं, आणि मी तांब्या तसाच खाली ठेवला. मेलेल्यांच्या घागरीवर जितीचं नाव! कुणाला सांगू? यांना सांगितलं तर म्हणतील, अभद्र बोलू नकोस. हा कागद तरी कुठल्या पत्त्यावर टाकू?

पुरण तसंच झाकून ठेवलंय. आता मिळेल त्या एसटीनं परत धुळ्याला जाते. सण असो नसो, कुणी पाठवो न पाठवो, तिला घेऊनच येईन.

एकच सांगते, माय. काल तिनं पदर धरला तेव्हाच तिला ओढून बाहेर काढता आलं असतं. पण विहीणबाईंनी चहा टाकला होता. तो न घेता उठले तर बरं दिसणार नाही, असं मला वाटलं.