फिक्स बॅटरी का उचलती पेटी

९ फेब्रुवारी
व्हॅन आली! सुंदररावांच्या दारात उभी हाय — जुनी, पांढरी, अन् आत दोन पलंग! मधी पाऊलभर वाट. मी म्हणलं, "एवढी वाट कावून? भांडण झालं तर पळायला?" लाजले! साठी उलटलेला गडी, जन्म एसटी चालवण्यात गेला, मंडळी वारली तवापासून एकटेच, अन् माझ्यासारख्या विधवेपुढं लाजतात. कोकणात कितीदा गाडी नेली, पर समुद्र न्हाई पाहिला, परतीची येळ व्हायची म्हणतात. आता मला घिऊन जायचंय. मी हो म्हणून बसलेय.

माझं एकच अडतं — इन्सुलिन. ती गार ठिवावी लागती. म्हणजे गाडीत बारका फ्रीज पाहिजे, अन् फ्रीजला करंट.

१० फेब्रुवारी
माझा जीवन जेवता जेवता म्हणला, "माय, त्या ड्रायव्हरसंगं गेलीस तर ह्या घरात परत येयाचं न्हाई." पोटचं पोरगं! सून ताटात बघत बसली. मी म्हणलं, "मंग जायाच्या आधी भाकरी तरी खाऊ दे." कुणी हासलं न्हाई. 

१२ फेब्रुवारी
नेकनूरला धोंडीरामच्या बॅटरीच्या दुकानात गेलतो. दोन तऱ्हा हायत. एक, बॅटरी पलंगाखाली फिक्स बसवायची, गाडी चालली की आपोआप चार्ज. दुसरी, उचलती पेटी — मूठ धरून घरात न्या, चार्ज करा, परत आणून ठिवा. मला पेटी पाहिजे. सुंदररावांना फिक्स.

"पेटी गावात दिसली की संपलं," म्हणले. "आज ह्याच्या बारशाला, उद्या त्याच्या जागरणाला. अन् आपली इन्सुलिन उन्हात."

"आपली? टोचून तर मी घेते!"

धोंडीराम फिदीफिदी हासला.

मी हसण्यावारी नेलं. पर खरं इथं लिहिते. मन फिरलं तर पेटी अन् तो बारका फ्रीज घिऊन मला कुठंबी उतरता येतं. फिक्स म्हणजे गाडी सोडून जायाची सोयच न्हाई! घरात एक म्हणतो परत येऊ नको, दुसरा गाडीत नट आवळतो. मी कुठं जायाचं?

१३ फेब्रुवारी
बोलले न्हाई त्यांच्यासंगं.

१५ फेब्रुवारी
आज मी लई वाईट वागले.

परत दुकानात. धोंडीरामनं पेटी टेबलावर ठिवली — "उचलून बघा काका, वजन बघा." सुंदरराव डावा हात खिशातून काढंनात. चार माणसं बघायला. मला चेव आला! "अहो, एवढी मोठी एसटी वढली, अन् डबा उचलंना?"

उचलली त्यांनी. डाव्या हाताची बोटं आपोआप उघडली. पेटी फरशीवर! कोपरा फुटला.

 मी त्यांना दुकानाच्या बाहेर नेलं.

बाहेर बाकड्यावर सांगितलं. दिवाळीच्या आधी लकव्याचा झटका येऊन गेलता, बारका. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं लांब गाडी चालवू नका म्हणलंय.

"मंग व्हॅन कावून घेतली?"

"तुमी हो म्हणल्या. मंग मला सांगवंना."

त्या हातानं मला घाट उतरवणार होते! लई राग आला. मंग लई रडू आलं. फिक्स कशाला पाहिजे होती, तर पेटी रोज उचलता येणार न्हाई म्हणून. अन् मी समजले, मला बांधायला.

१६ फेब्रुवारी
दुकानातली गोष्ट घरी पोचली. जीवन खूश! "बरं झालं माय, देवानंच थांबवलं." सुनेनं बिनसाखरेचा चहा न मागता दिला. इतका गोड बोलतो पोरगा, की अंगावर काटा येतो.

सुंदरराव गाडी विकणार म्हणतात. केजचं गिऱ्हाईक हाय.

२० फेब्रुवारी
गिऱ्हाईक गाडी बघून गेलं. पलंग काढून टाकतो म्हणला. मी सुंदररावांना म्हणलं, "गाडी विकायची न्हाई, चालवायला मी शिकते."

११ मार्च
काल पलंगाखाली फिक्स बसवली. माझं लर्निंग लायसनबी निघालं — चोपन्नाव्या वर्षी! आज शाळेच्या ग्राऊंडवर गाडी मी चालवली. शेजारी बसून सुंदरराव वरडत होते, "क्लच! वनमालाबाई, क्लच!"

जीवनचा फोन आलता. दोन्ही हात स्टेरिंगवर होते. घेतला न्हाई.