विस्तव चालत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

तीन ओळी मिळाल्या, चौथी नाही. बोर्ड तसाच भिंतीला टेकवून ठेवला.

काव्या मॅडम दुपारी सात रस्त्याच्या माझ्या दुकानात आल्या होत्या. एम.ए. करतात, इतिहास. कुंभारी रोडवरच्या जुन्या सराईवर त्यांचा प्रकल्प आहे. मोठ्या लढाईच्या काळात सराईत कोणकोणत्या फौजा उतरल्या होत्या, त्याचा फलक मी रंगवायचा. पहिली ओळ – नव्या भरतीचं पायदळ. दुसरी – खेचरांची वाहतूक तुकडी. तिसरी – फिरता दवाखाना. चौथीसमोर प्रश्नचिन्ह. १९४५ साली शेवटी एक तुकडी होती, पण ती करायची काय, हे त्यांना कुठे सापडत नाही. म्हणाल्या, अतीक, तू तिथलाच ना, जरा विचारून बघ.

मी नववीत शाळा सोडली. पण माझ्या बोर्डावर आजवर चूक निघाली नाही. अर्धवट बोर्ड मला बघवत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दादांना, म्हणजे माझ्या आजोबांना, विचारलं. सराईच्या मागे थंडेबाबांचा दर्गा आहे, दादा तिथले मुजावर. त्यांच्या आधी त्यांचे अब्बा. एवढी वर्षं तिथे बसलेला माणूस, काहीतरी ऐकलं असेलच.

"थे कोई. गए." एवढंच. आणि परत गवत काढायला लागले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दर्ग्यात गर्दी. आमच्या थंडेबाबांना विस्तव चालत नाही – दिवा नाही, ऊद नाही, उदबत्ती नाही. फक्त फुलं. नैवेद्य घरून शिजवून आणायचा. काडेपेटी फाटकाजवळच्या कोनाड्यात ठेवूनच आत यायचं. लोखंडही चालत नाही. कुदळ नाही, पहार नाही. दादांची गवत काढायची खुरपीसुद्धा तांब्याची आहे, त्यांच्या अब्बांकडून आलेली. गावात लोक थट्टा करतात – तुमचा बाबा बिडीपण ओढू देत न्हाय की!

आज सरपंच सिद्धलिंग पाणाड्याला घेऊन आले. उरुसाला लोकांचे पाण्यावाचून हाल होतात, म्हणून बोअर मंजूर करून आणलाय. माणूस चांगला आहे. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळीकडे हिंडला. दर्ग्याच्या मागे, मातीच्या बांधाच्या आत, नारळ ताठ उभा राहिला! तिथे चुन्याची फुली मारली. रविवारी सोळा तारखेला बोअरची गाडी येणार.

दादा म्हणाले, लोखंड नको. सिद्धलिंग म्हणाले, "काका, बाबाला तहान लागत न्हाय व्हय?" सगळे हसले. दादा हसले नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

फुफीचा, म्हणजे आत्याचा, नईम सुट्टीवर आलाय. फौजेत आहे, दारूगोळ्याच्या डेपोत. चहा पिताना स्वतःच्या नोकरीच्या बढाया मारत होता. गेटवरच काडेपेटी काढून ठेवायची. खिळ्याचे बूट चालत नाहीत. आत लोखंडी हत्यार नाही, सगळं तांब्या-पितळेचं, ठिणगी पडू नये म्हणून. आणि भोवती मातीचे उंच बांध – समजा एक साठा उडाला, तर धक्का बांधाने अडवावा.

झीनतफुफी म्हणाली, अगोबाई, हे तर आपल्या थंडेबाबाच्या दर्ग्यासारखंच. आणि हसली.

चहा अर्धा असतानाच मी कप खाली ठेवला.

१० नोव्हेंबर, सोमवार

तांब्याची ठिणगी पडत नाही. नईमला फोन करून परत विचारलं. पडत नाही म्हणाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बांध बघून आलो. तिन्ही बाजूंनी, माणसाच्या डोक्याच्या वर. लहानपणी आम्ही त्यावरून घसरायचो. कुठल्याही दर्ग्याला असा बांध पाहिलेला नाही. चुन्याची फुली बरोबर मध्ये. फुलीवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चाललो, वेड्यासारखा. इथे लोक हजारदा चालले असतील.

काव्या मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा फुलला – मिळाली की चौथी ओळ! दारूगोळा सांभाळणारी तुकडी! मग माझ्याकडे बघून थांबल्या. हळूच म्हणाल्या, "जाताना त्यांनी सगळं नेलं असेल ना?"

मला काय माहीत? नेलं असेल तर मी वेडा. नसेल, तर रविवारी गाडीचा लोखंडी रॉड थेट त्याच्यावर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमसोबत पोलीस चौकीत. अर्ज दोनदा लिहिला, पहिल्यात खाडाखोड झाली होती. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. पण तपासणारं पथक फौजेचं, बाहेरून येतं, तेव्हा दिवस सांगता येत नाही. आणि तिथे काही आहे असं पाहिलेलं कोणी आहे का, म्हणाले. कोणी नाही. एक खुरपी आहे. ते बोललो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सिद्धलिंगांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.

म्हणाले, "का बे, म्हंजे पीर न्हायच म्हणतोस? खाली गोळं हायती, आन आमी त्येच्यावर डोकं टेकवायलोय? माज्या आईनं माज्यासाठी नवस बोलला हुता तितं." मग जरा थांबून – "हे आदी तुज्या दादाला सांग. हुसेनसाब व्हय म्हणू दे, गाडी मी थांबवतो. तुज्या एकट्याच्या बोलण्यावर न्हाय."

बरोबरच आहे त्यांचं. पण दादांना कसं सांगू? पहाटे उठून झाडणं, फुलं, चादर, आल्यागेल्याच्या डोक्यावर मोरपीस. दुसरं काही केलंच नाही त्यांनी. अम्मी गेली तेव्हासुद्धा मला घेऊन तिथेच बसले होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा पाणी हवं का विचारलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

दादा खुरपी धूत होते. बांध, काडेपेट्या, नईमचा डेपो – मी एका दमात बोललो. पीर नाही, हा शब्द मात्र तोंडातून निघाला नाही. ते खुरपी धूतच राहिले. मला वाटलं, रडतील. किंवा मारतील.

"किस-किस कू बोल्या?"

मॅडम, पोलीस, सरपंच.

"मेरे कू पैले बोलना था रे." आवाज चढला नाही. खुरपी फडक्यात गुंडाळली. मी विचारलं, सिद्धलिंगांना काय सांगू? "कुछ नक्को बोल. कल मैं देखतूं."

म्हणजे व्हय की न्हाय? कळलं नाही. जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच गाडी आली. दादा त्याच्याही आधी जाऊन चुन्याच्या फुलीवर बसले होते. चटई टाकून, मांडी घालून.

सिद्धलिंग खाली वाकले, समजूत घातली, मग थोडे चिडले. म्हणाले, काका, पोरगं काय म्हणतंय ते खरं का? तेवढंच सांगा. दादा काही सांगेनात. एकच वाक्य – "बाबा का हुकूम नै है."

बायका पुढे आल्या. दाक्षायणीअक्का, सिद्धलिंगांची आई, दादांच्या शेजारीच बसली. मुलाला म्हणाली, "आता काढ मशीन आईवरनं." गाडीवाल्याने तोंडातली बिडी विझवून दादांना हात जोडले आणि गाडी मागे घेतली.

बाबांमुळे वाचलो. माझं कोणी ऐकलं नसतं. आता पथक आलं तर हेच लोक काय म्हणतील?

१७ नोव्हेंबर, सोमवार

दादा अजून तिथेच. जेवण नेऊन दिलं. चौकीतून निरोप आला, पथक उद्या येतंय; तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. भाकरी मात्र पूर्ण खाल्ली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पथकाने सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे काढलं. फुलीवर यंत्र वाजलं. बांधाकडे वाजलं. मग बाबांच्या कबरीवरच्या चादरीवर नेलं – तिथे सगळ्यात जास्त.

अधिकारी थांबले. चादर काढायची कोणी? दादा रस्त्यापलीकडून चालत गेले, कोणी अडवलं नाही. चादर उचलली, चार घड्या घातल्या, छातीशी धरून परत आले.

खाली पेट्या होत्या. लाकूड कुजलेलं, आत गोळे गंजून एकमेकांना चिकटलेले. पथकातला एकजण म्हणाला, पहार लागली असती तर सराईसुद्धा राहिली नसती. संध्याकाळपर्यंत काढत होते. कबर नव्हती. हाड नाही, दगड नाही, काही नाही.

गर्दीतून कोणीतरी बोललं, मग इतकी वर्षं आपण डोकं कुणापुढं टेकवलं? दादांना ऐकू गेलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघू शकलो नाही.

चौथी ओळ आता भरता येईल. ब्रश हातात घेतला, परत ठेवला. मी त्यांचा बाबा काढून घेतला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सगळा साठा गाडीत भरून पथक आज जाणार होतं. दादा धुतलेला सदरा घालून खड्ड्याजवळ गेले. अधिकाऱ्यापुढे टाचा जुळवून उभे राहिले. मी त्यांना असं उभं राहिलेलं कधी बघितलं नाही. फडकं सोडलं, तांब्याची खुरपी दोन्ही हातांवर ठेवून पुढे केली.

"तुमारे लोगां मेरे अब्बा कू दे को गए थे. बोले, हम आए तक यां आग नक्को, लोहा नक्को. गिन लेव साब, सामान पूरा है."

मग फाटकाजवळच्या कोनाड्यातून एक काडेपेटी घेतली, आणि रिकाम्या खड्ड्याच्या काठावर बसून खिशातली उदबत्ती लावली.