झुळूक, थोडी उजवीकडे

३ जानेवारी, सकाळी
संकल्प. आपल्या कवितांचा संग्रह आपणच काढलेल्या फॉन्टमध्ये छापायचा. नाव ठरलं: झुळूक. सॅन्स सेरिफ, म्हणजे टोकांना शेपट्या नाहीत, नखरे नाहीत. आणि इटॅलिक. सगळी अक्षरं उजवीकडे कललेली, वाऱ्यावरच्या गवतासारखी. गुरुजी कविता म्हणायचे तेव्हा अख्खा वर्ग असाच डुलायचा.
हिने आजवर माझी एकही कविता वाचलेली नाही. दोष छापाचा आहे, हे काल लक्षात आलं.

११ जानेवारी
'क' जमला. हिला दाखवला. म्हणाली, अहो, पडतोय तो, धरा. अडाणी प्रतिक्रिया, पण प्रतिक्रिया आहे.

२ फेब्रुवारी
'ळ' हट्टी आहे. कलवला की झोपल्यासारखा दिसतो. त्याच्याकडे बघता बघता मीही कललो. उठलो तर दिवेलागण. उद्यापासून पहाटे काम.

३ फेब्रुवारी
थंडी. पहाट रद्द.

२० मार्च
मुलाने अक्षरं स्कॅन करून लॅपटॉपवर चढवली. म्हणाला, बाबा, इटॅलिक एखाद्या शब्दापुरतं वापरतात, जोर द्यायला. सगळंच पुस्तक तिरकं केलंत तर जोर कशावर? मी म्हटलं, कवितेत सगळ्यावरच. त्याने लॅपटॉप मिटला. पटलं असावं.

७ एप्रिल
पहिलं पान छापून हिच्या हातात. हिने मान तिरकी केली, मग कागद तिरका केला, मग चष्मा काढून ठेवला. म्हणाली, गरगरतंय. भावनेचा वेग; पहिल्या वाचनात होतं असं.
संध्याकाळी तेच पान घडी करून खिडकीच्या फटीत. वारा येत होता म्हणे.

१९ एप्रिल
सूनबाईंच्या दातांच्या दवाखान्यातून मागणी! फरशी पुसली की पेशंट घसरतात. म्हणाल्या, बाबा, तुमची अक्षरं बघितली की माणूस आपोआप भिंत धरतो, पाटीसाठी द्या ना. झुळूक फक्त काव्यासाठी आहे, असं ठणकावून सांगितलं. जेवणानंतर दिली. तात्पुरती.

४ मे, संध्याकाळी, उशीवर बसून
दाढ दाखवायला दोघं दवाखान्यात गेलो. पाटी दारातच. पिवळ्यावर काळी झुळूक. लांबून पाहिली, जवळून पाहिली. 'हळू'मधला 'ळ' अखेर जागा झालेला! तो नीट दिसावा म्हणून दोन पावलं मागे सरलो.
बसलो. एकदम.
ही कमरेवर हात ठेवून समोर. म्हणाली, स्वतःचं लिहिलेलं तरी वाचावं माणसाने. आणि मग पाटीकडे बोट करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली: फरशी ओली आहे. हळू चाला.
पूर्ण ओळ. योग्य जागी थांबून. मान तिरकी न करता.
बाकांवरचे पेशंट गाल धरून हसत होते, डुलत होते. अख्खा वर्ग.
मी खालूनच म्हटलं, पुन्हा एकदा म्हण.
म्हणाली, आधी उठा.