झोपेत चालणारा पाय

ती. आईस, दोन्ही हात जोडून नमस्कार.

बोटीतून काल सकाळी सुखरूप उतरलो. अख्खी रात्र खुर्चीत काढली, पण झोप छान लागली.

पुढच्या खुर्चीतल्या आजी मात्र वैतागल्या होत्या. "रात्रभर माझ्या खुर्चीला लाथा! झोपेत सायकल चालवतोस का रे?" मी ओशाळून म्हणालो, "शिलाई मशीन, आजी." मग हसत सुटल्या.

इथल्या दुकानात सगळ्या मशिनी विजेवरच्या. पायाला फारसं कामच नाही. मालक म्हणतात, जमेल हळूहळू.

बाबांचाही पाय झोपेत असाच चालायचा, तू किती करवादायचीस! लकवा झाल्यापासून रात्री कधी बघितलंस का गं? जागेपणी हलत नसला, तरी झोपेत चालत असेल. नीट बघून कळव. तोवर त्यांची मशीन विकू नकोस.

तुझाच,
धाकटा