दोन दुपट्टे

आई,

माद्रिदचं ऊन तुले झेपणार नाई, असं सांगून मी दोन उन्हाळे तुले इथं येऊ देलं नाई. यंदा नालवाडीहून आपल्या शेजारची स्वीटी अन् तिचा नवरा कुंदन इथं फिराले आले. मी सावली शोधून राह्यली होती, अन् ते दोघं अडतीस डिग्रीत भर दुपारी शहरभर फोटो काढत फिरले.

"हे ऊन व्हय काय?" कुंदन हासला. "इतक्या उन्हात तर आपल्याकडे वरात नाचते."



घरी आलो तं दिएगोनं दार उघडलं. आम्ही दोन वर्षांपासून सोबत राह्यतो, पण त्याच्याबद्दल तुले मी कधी सांगतलंच नाई. स्वीटीनं बॅगेतून तू देल्लेले डोक्याले बांधाचे पांढरे दुपट्टे काढले. दोन.

"काकू म्हणे, एक हर्षाले, अन् एक तिच्या घरी जो कोणी असन त्याले."

दिएगोनं तो लगेच बांधला. बाजारातही तोच बांधून जाते.

काल फोनवर तू हळूच विचारलं, "उतरलं काय वं तिथलं ऊन? येऊ काय मी?"

खिडकीतून गार हवा येऊन राह्यली होती.

मी म्हणलं, "नाई आई, अजून लय तपते."

तुही,
हर्षा