मामांची डावी चप्पल

मंचर, ५ फेब्रुवारी २०२५

ती. चिमाअक्कास,
धाकट्या दादाभाऊचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडं फोन आला की सगळं घर ऐकतं, म्हणून पत्र टाकतोय. वैष्णवीनं पसंत केलेला कोकणातला भगवंत मला पटला तरच होकार, नाहीतर तिची तिकडची नर्सची नोकरी सोडवायची, असं तू ठरवलंस. समुद्राकडं गेलेलं माघारी येत नाही म्हणतेस. पोरीचं सगळं माझ्या एका शब्दावर टांगलंस, अक्का.

भगवंतच्या घरचे गाडी पाठवणार होते, मी नको म्हणालो. आदल्या गावाला उतरून कड्याच्या वाटेनं चालत जाईन. वाटेवरची माणसं खरं सांगतात. तीस वर्षं पाण्याच्या मोटारीला कान लावून बिघडलेलं बेअरिंग ओळखतोय, माणूस काय लई अवघड? वैष्णवी रजेवर घरी आहे, तिला यातलं कळू देऊ नको.

माया आहेच, ती आटू देऊ नको.
तुझा, दादाभाऊ

मंचर, १२ फेब्रुवारी

ती. चिमाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला सरळ खाली समुद्र. वाट बघण्यासारखी, पण गुडघ्यांची न्हाई. मासळी वाळवणाऱ्या बाया म्हणाल्या, भगवंत चांगला, पण घुमा.

चढ नको म्हणून मी खालच्या कोरड्या खडकांवर उतरलो. आपल्याकडं पाणी एकदा उतरलं की उतरलं. ते माघारी चढून येतं, हे डोक्यातच आलं नाही. बघतो तर पुढं पाणी, मागं पाणी, चपला गेल्या. वरून एक पोरगा उतरला, हात धरून मला वर घेतलं. पुढं चालताना वाटेवरचा काटा पायानं बाजूला सारायचा. मी दमलो की आपलीच चप्पल नीट करत थांबायचा. मी त्याला भगवंतबद्दल विचारलं. म्हणाला, जास्त बोलत नाही तो.

त्यांच्या घरी पोचलो तर पाण्याचा तांब्या घेऊन भगवंत पुढं, तोच पोरगा. त्याच्या वडिलांनी माझ्या अनवाणी पायांचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "पाहुण्यांची चप्पल स्टँडवर कुणीतरी पळवली."

अक्का, ही मोटार आवाज न करता पाणी ओढते. होकार दे.

तुझा, दादाभाऊ

पिंपरी पेंढार, १७ फेब्रुवारी

ती. मामांस,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

आईचा चष्मा फुटलाय. तुमची दोन्ही पत्रं मीच वाचून दाखवली, 'कळू देऊ नको' हेसुद्धा.

पहिलं वाचलं त्याच दिवशी मी त्याला कळवलं की मामा चालत येतील आणि गुडघे दुखले की खाली उतरतील. तो सकाळपासून त्या कातळावर बसून होता, जेवायलाही गेला नाही.

आईनं होकार दिला. तारीख तुम्हीच काढा.

काल त्याचा फोन आला होता. तुमची डावी चप्पल भरतीनं किनाऱ्याला आणून टाकलीय. आईला सांगितलं. म्हणाली, माघारी येतं म्हणायचं, उजवीचंही विचार.

रागावू नका, लोभ असू द्या.
तुमची, वैष्णवी